अक्कांनी बंद पाडलेला आमचा बार

आमचा बार माझ्या सासूने बंद पाडला.

त्या आज सकाळी गेल्या. अक्का. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

नरडाण्याच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून आमची परमिट रूम होती. पत्र्याचं शेड, सहा टेबलं. लायसन्स सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या नावावर. मागच्या चुलीवर अक्का. ट्रकवाले दारूपेक्षा त्यांच्या शेवभाजीसाठी थांबायचे.

मी सावद्याची. नव्वदच्या आसपास लग्न होऊन इथे आले. माहेरी सांगताना ‘हॉटेल’ म्हणायचे.

एका दुपारी एक ड्रायव्हर दोन क्वार्टर पिऊन उठला.

नाना म्हणाले, "जरा पडून घे, मग निघ."

तो हसला आणि तिसरी मागितली. नानांनी दिली.

अक्कांनी त्याला वर गरम भाजी वाढली.

दहा मिनिटांत रस्त्यावरून ओरडा आला. शेतातून परतणारी शेवंताबाई त्याच्याच ट्रकखाली गेली. अक्कांची जुनी मैत्रीण. तिची लेक सुनीता तेव्हा चौथीत होती.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी बारसाठी चूल पेटवली नाही.

मग बायका जमवल्या. बार बंद करा असा अर्ज लिहून घेतला. पहिली सही स्वतःची.

कागद माझ्यापुढे धरला. मला सातवा महिना होता. मी म्हटलं, "अक्का, घर कसं चालेल?"

त्यांनी कागद घडी करून पदराखाली ठेवला. रागावल्या नाहीत. परत विचारलंही नाही.

नानांना कळलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"ही सही तुनी शे?"

"हाऊ. मनीच शे."

"पोरं काय खातीन?"

"काम करीसन खातीन."

चार महिन्यांनी सील लागलं. नाना एमआयडीसीत वॉचमन झाले. वर्षभर अक्कांशी बोलले नाहीत. ताट समोर आलं की खाली मान घालून जेवायचे.

आणि वर्षाच्या आत अर्ध्या किलोमीटरवर दुसऱ्या कुणीतरी बार उघडला.

मी चिडून म्हटलं, "मग काय मिळालं अक्का? लोक तिथे पितातच ना!"

"तठे मना हातनी भाजी नई शे," त्या म्हणाल्या. आणि भाकरी थापत राहिल्या.

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. खरं सांगू, आजही पूर्ण पटत नाही. पण पाठही सोडत नाही.

आज सुनीता धुळ्याहून आली. अक्कांच्या पायावर डोकं ठेवून खूप रडली. मग माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, माझ्या आईसाठी तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मी विसरले नाही."

मी मान हलवली.

दुपारपासून घरात नुसती फिरतेय. एका जागी बसवत नाहीये.

सुनीता, तू हे वाचशील. त्या कागदावर माझी सही नव्हती.

अक्का, तुम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाहीत. आज मीच सांगितलं.

या आता. तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.