खाडीत बुडवलेल्या खुर्च्या

लग्न मी आईच्या मनाविरुद्ध केलं, म्हणून वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस गिरगावातून तिचं कार्ड आलं. ‘रविवारी येते. कुठल्या रानात राहतेस ते बघू दे एकदा.’ रान म्हणजे आमचं बोरीवली. वाचून मला रागही आला आणि रडूही आलं. पोरीचं बरं चाललंय, एवढं तिनं म्हणावं. दुसरं काही नको होतं मला.

दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. माहेरचं काळं, जड लाकडी सामान मला कधीच आवडलं नव्हतं. मी खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा लावला, जमिनीवर शिंदीची चटई घातली आणि वेताच्या दोन खुर्च्या करून घेतल्या. आईची कंबर दुखायची, म्हणून वेतवाल्याच्या मागे लागून पाठी उंच करवल्या. नवरा म्हणाला, “अगं, आई येतेय की गव्हर्नर?”

शुक्रवारी शाळेतून शिकवून आले, तर खुर्च्या गायब! सासरे पंधरा दिवसांपूर्वीच मालवणकडून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना विचारलं.

“खाडयेत,” ते शांतपणे म्हणाले. “वेताक भुंगो लागता गो. म्हयनोभर रवांदेत थंय.”

गावाकडे घराचे बांबू असेच खाडीत बुडवतात. खारं पाणी मुरलं की कीड लागत नाही. पण तो अख्खा बांबू हो, विणलेली खुर्ची नव्हे! सासऱ्यांनी त्या बैलगाडीतून नेऊन, वर दगड ठेवून, चिखलात दाबल्या होत्या. मी तेव्हाही तोंडाळच. बोलले, नको ते बोलले. ‘अडाणी’सुद्धा म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि मीही दोनदा विचारायला गेले नाही.

शनिवारी ओहोटीला बापलेकांनी गुडघाभर चिखलात उतरून खुर्च्या काढून आणल्या. विहिरीवर धुतल्या, तरी वास काही जाईना आणि विणीत रुतलेला चिखल निघेना. विणकाम सैल पडून बैठकी खाली लोंबत होत्या. मी त्या मागच्या अंगणात भिंतीशी उलट्या घातल्या.

रविवारी आई आली. घरभर फिरली आणि सरळ मागच्या अंगणात गेली. तिथे सासऱ्यांनी एक खुर्ची सुलटी करून स्वतःच्या पंच्यानं पुसून ठेवली होती. खाली बघत म्हणाले, “बसा, विहीणबाई.” मी ‘आई, नको’ म्हणेपर्यंत ती बसलीसुद्धा. चहा प्यायली. गावच्या भातशेतीची चौकशी केली. चांगला अर्धा तास बसली.

स्टेशनच्या वाटेवर मी मागून पाहिलं, तर तिच्या लुगड्यावर वेताची अख्खी जाळी चिखलानं उमटलेली!

“आई, अगं लुगडं!”

“बसल्याबसल्याच कळलं मला.”

“मग उठली का नाहीस?”

“उठले असते तर त्या म्हाताऱ्यानं पुन्हा तुझ्या घरात मान वर केली नसती. बोललीस ना त्यांना काहीतरी? तोंड माझ्यावरच गेलंय तुझं.”

मला रडू आवरेना, भर रस्त्यात. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

“घरी जा. आधी त्यांना जेवायला वाढ. मी पुढल्या रविवारी येते,” ती म्हणाली. “तोवर वाळतील ना गं त्या खुर्च्या?”