कसाई आणि चोवीस व्होल्टची खुर्ची

कसाई हे त्याचं वर्कशॉपातलं टोपणनाव; जन्मात त्याने मुंगी मारली नव्हती. मारल्या त्या कॉइली, गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेच्या. बाजारातून नवी कॉइल आली की तो तिला आधी गरम हवेने भाजायचा, मग करंट वाढवत छळायचा. मोजयंत्राच्या पडद्यावर करंटची रेघ करवतीच्या दातांसारखी चढत-उतरत राहिली तर ठीक. दाताचं टोक एकदम वर पळालं की गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, म्हणजे गाभा भरला, कॉइल मेली. जितक्या करंटला मेली त्या आकड्याची लाल चिठ्ठी चिकटवून मढं डब्यात. "एवढा जोर माझ्या भावावर लावला असता तर तो सुधारला असता," असं बायको म्हणायची.

तो दिवसही आला.

सासऱ्यांचे गुडघे गेले होते. त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची वर्कशॉपातच बनली होती आणि त्या दुपारी ते तिच्यात बसणार होते. बॅटरीचे चोवीस व्होल्ट पाचावर उतरवून खुर्चीच्या मेंदूला, म्हणजे मोटारी चालवणाऱ्या चिपला, द्यायचे, एवढंच काम. मधली कॉइल मेहुण्याने निवडली होती. निवडीचं कारण : मोठी बसवली की पेटीचं झाकण लागत नाही.

"ही भाजून पाहिलीस?" कसायाने विचारलं.

"कशाला, दाजी? कंपनीच्या कागदावर चार अँपिअर लिहिलंय. आपल्याला करंट शिखरावर साडेतीनच लागतो."

"ते तापण्याचं माप, शहाण्या! गाभा भरण्याचं खालच्या ओळीत आहे. अडीच! कॉइल भरली की स्विच जळेल, आणि चोवीस व्होल्ट थेट मेंदूत!"

"तुम्हाला माझं काही पटतच नाही!"

कसायाने बोर्ड हिसकावला. मेहुण्याने कसायाला स्टुलासकट पाडलं. कसायाने खालूनच ठोसा हाणला; मेहुण्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. मग पक्कड उडाली, काच फुटली, कसायाच्या भुवईला खोक पडली आणि शर्टाच्या दोन्ही बाह्या मेहुण्याच्या हातात आल्या.

दारात सासरे काठी टेकून उभे होते. तरुणपणी ते मुष्टियुद्ध शिकवायचे. त्यांनी दोन मिनिटं मन लावून पाहिलं.

"पायांत दम नाही एकाच्याही," ते म्हणाले. "माझ्या जागी वाळूचं पोतं बसवा. चालवा."

मेहुण्याच्याच कॉइलवर खुर्ची गुमान निघाली. मेहुणा रक्ताळलेल्या नाकाने हसला. दहा मिनिटांनी पेटी चांगली तापली आणि आतून फट् आवाज आला. मेंदू जळता जळता दोन्ही मोटारींना पळा म्हणाला. खुर्ची सुसाट सुटली, कपाट आडवं करून भिंतीवर आदळली. पोतं पोटात फाटलं. वाळू छतापर्यंत उडाली.

सासरे त्या फाटक्या पोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी लेकाच्या पाठीत घातली.

"बाबा, पेटी लहान होती!"

"कोणी केली लहान?"

कसायाने भुवईवरचा रुमाल डोळ्यांवर ओढला. सुबक दिसावी म्हणून पेटीचं माप त्यानेच कमी केलं होतं. सगळ्यांना दाखवत हिंडलाही होता. बायकोच्या वडिलांशी खोटं बोलणं त्याला जमेना.

"मीच, बाबा."

"जावईबापू, जरा इकडे वळा," सासरे आदराने म्हणाले आणि तितकाच सणसणीत दुसरा रट्टा दिला.

संध्याकाळपर्यंत नव्या मेंदूशेजारी सहा अँपिअरवरही न मेलेली कॉइल बसली. झाकण नाकात बोळे घातलेल्या मेहुण्याने कापलं, पेटी कसायाने धरली. झाकणातून वर आलेलं कॉइलचं टेंगूळ खुर्चीवर फार कुरूप दिसत होतं.

पोतं तासभर फिरून धड परतलं, तेव्हाच सासरे बसले.