सतरा नंबरचं अर्धं मिनिट

हे मी बरीच वर्षं टाळलं. कुणी द्राक्षांचा विषय काढला, की मी हवापाण्याबद्दल, भावाबद्दल बोलत राहायचो. मावशींचं नाव मात्र येऊ द्यायचो नाही. आता वय झालं आहे. पिंपळगावजवळच्या त्या पॅकहाउसमध्ये काम केलेल्या बाया आता आज्या झाल्या असतील. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मावशींना कधी घाई नसायची. बाहेर कंटेनर उभा, मालक फोनवर ओरडतोय, चाळीस कात्र्या एका सुरात चालल्या आहेत, आणि सतरा नंबरच्या टेबलावरची कात्री मध्येच थांबायची. मावशी म्हणायच्या, "अर्धं मिनिट हं." मग कुणाच्या तरी बोटाला चिंधी बांधायची असायची, कुणाचा सुटलेला पदर खोचून द्यायचा असायचा, नाहीतर कुणाचं नुसतं ऐकून घ्यायचं असायचं. मी तिथला सुपरवायझर. मी तोंड वाकडं केलं, की त्या हसून म्हणायच्या, "भाऊसाहेब, अर्ध्या मिनिटानं द्राक्ष नाय नासत."

बाया त्यांना चिडवायच्या. एक जण म्हणाली होती, "मावशे, तुझी अर्धी मिनिटं जोडली तर दिवाळी येईल." मावशी लगेच म्हणाल्या, "येऊ दे की. फराळ तूच करशील." सगळ्या हॉलमध्ये हसू पसरलं. त्या हसण्यात कात्र्या उलट जोरात चालल्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ती जागाच आज स्वप्नातल्यासारखी वाटते. जानेवारीची सकाळ, दारापर्यंत आलेलं धुकं, आत पांढरा थंड उजेड आणि हवेत द्राक्षांचा कोवळा आंबूस वास. घड हातात घ्यायचा, फुटके-बारके मणी कात्रीनं काढायचे, पेटीत मांडायचा. गारठ्यानं नव्या मुलींची बोटं बधिर व्हायची. मावशी त्यांचे हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून उभ्या राहायच्या. मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला, की "जा, कर आता काम" एवढंच.

निफाडकडच्या पिकअपमधून त्या यायच्या. आल्या आल्या मला "जय भीम, भाऊसाहेब" म्हणायच्या. मी कागदांतून मान न काढता नुसती हलवायचो. त्यांचा डबा कधी त्यांच्या एकटीचा नसायचा. परप्रांतातला एखादा ड्रायव्हर गाडीत डुलक्या घेताना दिसला, की त्याच्यासमोर भाकरी धरून म्हणायच्या, "भाकर खाव, भैया. फिर जाव." तो गोंधळायचा आणि खायचा. माझी आई गेली त्याच्या दहाव्या दिवशी मी कामावर आलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली यादी काढून घेतली आणि चहाचा कप दिला. "बसा अर्धं मिनिट. गाडी तुमच्याबिगर जायची नाय." मी बसलो. त्या दिवसांत माझ्याशी एवढं कुणीच बोललं नव्हतं.

आता तो दिवस. पेटी बंद करण्याआधी घडांवर औषधाचा एक कागद ठेवतात. त्याच्या वाफेमुळे बोटीच्या प्रवासात बुरशी धरत नाही. शेवटच्या चाळीस पेट्या सतरा नंबरच्या टेबलावर होत्या आणि हाताशी असलेले कागद संपले. नवा गठ्ठा मागच्या स्टोअरमध्ये, कुलपात. चावी माझ्या शर्टाच्या खिशात. कंटेनरचा हॉर्न वाजत होता, आणि आदल्याच दिवशी उशीर झाला म्हणून मालकानं सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली होती.

"भाऊसाहेब, कागद?"

"राहू द्या. बंद करा पेट्या."

"चावी द्या, मी पळत आणते. अर्धं मिनिट लागंल."

"मावशी, आज तुमचं अर्धं मिनिट नको मला!"

मी ओरडलो. त्यांनी पेट्या बंद केल्या.

काही आठवड्यांनी परदेशातून फोटो आले. घडांवर राखाडी बुरशी, आणि प्रत्येक पेटीवर पॅकिंगच्या टेबलाचा नंबर, सतरा. मालकानं मला ऑफिसात विचारलं. मावशी दारातच उभ्या होत्या. मी म्हणालो, "कागद टाकायचे विसरल्या. त्यांचं लक्ष पेटीत कमी, गावात जास्त."

"काय मावशी?" मालकानं विचारलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशाकडे. "आसंल, मालक," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातच्या पेट्या हायेत."

त्यांचं काम त्याच दिवशी सुटलं. हॉलमध्ये जाऊन त्यांनी कात्री पुसून टेबलावर ठेवली. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "तोंड सुकलंय तुमचं. जेवून घ्या."

पुढचं याहून वाईट आहे. दर हंगामात नव्या मुली आल्या, की मी त्यांना सांगायचो, "कागद विसरू नका, नाहीतर सतरा नंबरवाल्या मावशीसारखं होईल." निवृत्त होईपर्यंत सांगत राहिलो. खोटं इतकं गुळगुळीत झालं, की कधीकधी मलाच खरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी नाशिकहून बसनं त्यांच्या घरी गेलो. अंगणात उन्हाला बसल्या होत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण आवाजानं ओळखलं. "भाऊसाहेब! जय भीम." आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडानं "जय भीम, मावशी" म्हणालो. मग सुरुवात केली, "मावशी, त्या कागदाचं..."

"अर्धं मिनिट," त्या म्हणाल्या आणि चाचपडत माझे हात धरले. "केवढे गार पडलेत!" त्यांनी ते आपल्या तळव्यांत घेतले. ऊन होतं, कुठेतरी फवारणीचा पंप चालू होता, आणि माझी बोटं हळूहळू ऊबदार होत गेली. त्या उबेत कागदाचं मागेच राहिलं. चहा झाला. "पुढच्या रविवारी येतो" म्हणून उठलो. तो रविवार मी येऊच दिला नाही.

या हिवाळ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. माझ्या शेजारी पॅकहाउसमधली एक जुनी बाई बसली होती. ती हळूच म्हणाली, "कागद इसरली होती बिचारी. पण माणूस लय चांगलं." तेवढ्यात सुनेनं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. समोर मावशींचा फोटो, पांढरी फुलं. "मावशी फार प्रेमळ होत्या," एवढं बोललो आणि खाली बसलो.

जे बोलायचं होतं, त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मावशी, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही चावी मागितली होती. ती माझ्या खिशात होती. मला माफ करा.