असील खुडूक बसली तेव्हा

कोंबड्यांना स्वभाव नसतो असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या वस्तीवर येऊन राहावं. कोल्हारच्या अलीकडे, कालव्याला लागून आमचं रान आहे आणि घरामागच्या अंगणात चार जातींच्या कोंबड्या नांदतात. नांदतात म्हणजे भांडतात.

जाती आणायचा नाद आमच्या मालकांचा. श्रीरामपूरला कांदे घेऊन गेले की येताना पिशवीत काहीतरी फडफडत असणारच. मी विचारायचं, "आता हे काय आणलंत?" आणि त्यांनी म्हणायचं, "ऱ्हाऊ दे गं, पडून ऱ्हाईल कोपऱ्यात." कोंबडी कधी कोपऱ्यात पडून राहते होय?

आधी गिरीराज आल्या. अंगाने धिप्पाड, डोक्याने बेताच्या. भरड टाकली की पाटीतच जाऊन उभ्या राहणार, दुसरीला चोच घालायला जागा नाही. वर घार फिरत असली तरी मान वाकडी करून बघत बसतील, जणू पाहुणेच आलेत. पण त्यांच्यावर रागावता येत नाही. उचलून काखेत घेतलं तरी हूं नाही की चूं नाही. अंडं घालायचं आणि विसरून जायचं. एकीने तर माझ्या चपलेत घातलं होतं, आणि मी घाईत पाय घातला.

कडकनाथ मानी. चोचीपासून नखापर्यंत काळी कुळकुळीत. हाताला लागणार नाही, खुराड्यात झोपणार नाही, दिवस मावळला की शेवग्यावर चढून बसणार. गावातली माणसं मुद्दाम तिला बघायला येतात आणि ती नेमकी पाठ फिरवते. मला तिचं कौतुक आहे, पण जवळीक काही झाली नाही.

आणि असील. उंच, ताठ मानेची, पैलवानासारख्या पायांची, डोळे कायम वटारलेले. ही एकटीच होती आणि एकटीच सगळ्यांना पुरून उरायची. गिरीराजना पाटीवरून हाकललं, कुत्र्याच्या नाकावर टोचलं, आणि माझ्या पोटरीवर तर अजून खूण आहे. मी काय गप्प बसणारी आहे? रोज सकाळी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच मी शेण काढायला लागायचे. "हिला कुणाला तरी देऊन टाका, न्हाईतर मीच पातेल्यात घालते," हे मालकांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मानही वर करायचे नाहीत.

राहिली चौथी जात, आमची गावरान. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून आम्ही त्यांना ठिपक्या म्हणतो. सगळ्यात शहाणी कोंबडी. घारीची सावली पडली की पिल्लं पोटाखाली. किडा सापडला तर स्वतः गिळणार नाही, कुटकुट करून पिल्लांना बोलावणार.

पण त्या माझ्या नव्हेत. मालकांची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा लेक चार वर्षांची होती. वर्षभराने मी या घरात आले. लेकीच्या आईने माहेरहून येताना डालग्यात घालून एक ठिपकी आणली होती, तिचाच हा सगळा वाण. आईचा लग्नातला एक फोटो आहे, त्यात मुंडावळ्यांत चेहरा नीट दिसत नाही. साड्या विरून गेल्या. जितंजागतं म्हणून जे काय उरलं, ते या कोंबड्याच. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्यांच्याकडे पळायची. "माझ्या आईच्या कोंबड्या," असं सगळ्यांना सांगायची. मला ती मावशी म्हणते. मीच तसं शिकवलं होतं. शेजारणी म्हणायच्या, "सवतीच्या कोंबड्या कशापायी सांभाळतीस गं?" मी म्हणायचे, "तुमच्या दारात येत्यात का खायला?" आणि विषय तिथेच मिटायचा.

लेक आता श्रीरामपूरला असते. स्वतःचं घर झालं, घरामागे चांगलं अंगण निघालं. मागच्या खेपेला म्हणाली, "मावशी, यंदा मला ठिपकीची पिल्लं दे. अंगण रिकामं आहे." मी म्हटलं, लागतील तेवढी ने.

आणि त्याच उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना वाकड्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी संपायच्या. आजूबाजूच्या वस्त्यांवरची खुराडी ओस पडली. विकतच्या कोंबड्यांना लस दिलेली होती, त्या तगल्या. ठिपक्यांत एक कोंबडी आणि एक कोंबडा, एवढंच उरलं. लेकीला मी फोनवर काही बोलले नाही. ठिपकी अंडी घालत होती, ती मी कोळशाची खूण करून कोंड्यात जपून ठेवत होते. ती खुडूक बसली की तिच्याखाली ठेवू, असा विचार.

खुडूक म्हणजे कोंबडीला उबवायची ओढ लागते. अंडी घालणं बंद, एका जागी बसून राहणार, जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर येणार. गिरीराजला हे ठाऊकच नाही. कडकनाथ दोन दिवस बसते आणि कंटाळून उठते. नेमकी तेव्हा खुडूक बसली ती असील. कुठे, तर कांदे साठवायच्या चाळीत, कांद्यांवर. मालकांना चाळीत पाय ठेवू देईना. खुडूक मोडायचा आमच्याकडचा इलाज म्हणजे थंड पाण्यात बुडवायचं. मी तिला हौदात दोन दिवस बुडवून काढली. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटली. मग डालग्याखाली कोंडली.

त्याच दिवशी संध्याकाळी मुंगसाने ठिपकी नेली. उसाच्या बांधावर नुसती पिसं सापडली. मी तिथेच खाली बसले आणि रडले. कोंबडीसाठी कुणी इतकं रडतं का, पण मला त्या पोरीचं तोंड दिसत होतं. तिच्या आईचं एवढंच उरलेलं, आणि ते माझ्या हातून जाणार.

मालक म्हणाले, "मशीन आनू का उबवायचं?"

"लाईट ऱ्हाती का आपल्याकडं?" मी म्हटलं.

खुडूक कोंबडी पंचक्रोशीत एकच होती, आणि तिची खुडूक मी स्वतःच्या हाताने मोडली होती.

सकाळी डालगं उचललं. असील बाहेर आली, अंग झाडलं, दाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. तरातरा चाळीत गेली आणि कांद्यांवर जाऊन बसली. दोन दिवस बुडवूनही. तिच्या ज्या हट्टाला मी शिव्या घालत होते, त्या हट्टाला त्या दिवशी मी हात जोडले.

टोपलीत भुसा घालून अंडी मांडली आणि तिला वर ठेवली. तिने आधी माझा हात फोडला, मग एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं. तेव्हा कुठे मी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. तिने आधी अंडी किती आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "अगं, पण असील मारून टाकेल पिल्लांना." तीच भीती मलाही होती. तीन आठवडे मी चाळीच्या आसपासच घुटमळत काढले.

पिल्लं निघाली आणि असीलचं वेगळंच रूप दिसलं. दाणा फोडून त्यांच्यापुढे टाकायची. पाऊस आला तर पंख पसरून उभी राहायची, स्वतः भिजायची. मुंगूस एकदा परत आलं. ठिपकी असती तर पिल्लं घेऊन पळाली असती. ही उलट त्याच्यावर धावून गेली, आणि मुंगूस उसात पळालं. मी चुलीवरची भाकरी टाकून बघायला गेले होते, ती करपली.

पिल्लांच्या पंखांवर काळे ठिपके उमटले, तेव्हा लेक आली. अंगणात उकिडवी बसून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे पुसले, हसली. मी खोक्यात गवत घालून तयारच ठेवलं होतं. म्हटलं, "मोठी झाली आता, एकटी ऱ्हात्याल. घेऊन जा."

"आणि ही?" तिने असीलकडे बोट दाखवलं. "हिलाही नेते. मोठं डालगं दे."

"अगं, ती तुझं अंगण डोक्यावर घेईल. आन् ती काय त्यांची आई न्हाई. अंडी ठिपकीची हायेत."

लेकीने माझ्याकडे बघितलं. "अंडी कुणाचीही असू देत, मावशी," ती म्हणाली. "पिल्लांना विचार आई कोण ते."

मी डालगं आणायला आत गेले. ते दाराआडच होतं, पण मला लवकर सापडेना.