सुमित्राअक्कांनी न ओलांडलेली रेषा

आनेकलच्या कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मी सुमित्राअक्कांसमोर प्रथम उभा राहिलो, तो भांडायला. नवजात बाळांच्या उपचारयंत्रांसाठी आम्ही पॉवर सप्लाय बनवत होतो. माल तयार होता, पण मुख्य अभियंता असलेल्या अक्का तो पास करत नव्हत्या. माल अडला तर हंगामी कामगारांना घरी पाठवू, असे मालकांनी बजावले होते. फाटकावरची सभा गाजवून मी त्याच आवेशात आत शिरलो.

अक्का चिकपेटच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या बोलण्यात कन्नड सहज मिसळते. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता माझंही बघा."

आमच्याकडे ट्रान्झिस्टरची मर्यादा एकेक करून वाचली गेली होती. इतके व्होल्ट सोसतो, ठीक. इतके अँपिअर सोसतो, तेही ठीक. दोन्ही एकदम किती सोसतो, हे सांगणारी उतरती रेषा डेटाशीटमधल्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकातल्या, आलेखात होती. तिच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. अक्कांनी सप्लायच्या बाहेर येणाऱ्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या. करंट ठरल्याइतकाच होता, पण आता सगळा व्होल्टेजही ट्रान्झिस्टरच्याच अंगावर आला. टिक् असा बारीक आवाज झाला. मी वरचे आवरण चाचपले, तर जेमतेम कोमट. आत मात्र उष्णता एका बिंदूत गोळा होऊन सिलिकॉन वितळले होते. अक्कांनी तारा सोडवल्या, तसा मीटरचा काटा थेट वर गेला. मेलेला ट्रान्झिस्टर वाट अडवत नाही, सताड उघडी टाकतो. तो सगळा दाब बाळाच्या यंत्रात शिरला असता.

मालक आले आणि म्हणाले, "अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे, थोडं जुळवून घ्या. बसमधल्या जागेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत आमचे शहर याच शब्दांवर चालते.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "माणसं अ‍ॅडजस्ट करतात, साहेब. सिलिकॉन नाही करत."

सत्तेपुढे सत्य बोलण्यावर मी ढीगभर वाचले आहे, घसा फुटेस्तोवर बोललो आहे. ते इतक्या हळू आवाजात बोलता येते, हे मला तेव्हा कळले. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

मग मालकांनी हंगामी कामगारांचा विषय काढला. सप्लायच्या प्रत्येक पेटीत दुसरा ट्रान्झिस्टर जोडून भार वाटायचा आणि तारा टेकल्या की करंट आपोआप उतरेल अशी सोय करायची, असे अक्कांनी ठरवले होते. त्यांनी एवढेच विचारले, "यांना घरी पाठवलंत तर पेट्या कोण उघडणार?" कुणीही घरी गेले नाही.

ते काम चालले तोवर अक्का आमच्यात बसून ती रेषा वाचायला शिकवत होत्या. सोल्डरिंग करणारी लक्ष्मी म्हणाली, माझ्या नवऱ्यालाही अशी एक रेषा आखून द्या. "त्याची डेटाशीट घेऊन ये, मग बघते," अक्का म्हणाल्या, आणि सगळे टेबल हसले.

आज अक्का पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्या पेट्यांवर त्यांचे नाव नाही. त्या पेट्यांच्या भरवशावर श्वास घेऊन मोठी झालेली मुले आज कुठल्या शाळेत दंगा करत असतील, ते आपल्याला ठाऊक नाही. आणि त्या मुलांना अक्का ठाऊक नाहीत. म्हणून त्या मुलांच्या वतीने मी मागतो : अक्कांना निरोगी शतायुष्य लाभो, आणि 'नाही' म्हणणारा तो हळू आवाज आपल्या कानी पडत राहो.