नानांचा गिझर, माईंचा शॉवर

किस्से गोळा करायला माणसं गावभर फिरतात. मला फक्त बाथरूमची खिडकी उघडी ठेवावी लागते! फतेगंजमधल्या आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या आणि नानांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टवर उघडतात. तिकडे नळ सोडला की इकडे कळतं. लोक मला चोंबडी म्हणतात. म्हणोत! या हिवाळ्यात त्या खिडकीनं मला महिनाभर स्वस्थ बसू दिलं नाही.

*

नाना नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला होते. घरातला गिझर वीस वर्षांचा. चालू केला की मेन स्विच पडायचा. माई म्हणायच्या, "अहो, बदला आता."

"मशीन फेकायचं नसतं, समजून घ्यायचं असतं!"

"वीस वर्षांत समजलं नाही? मला तर तुम्ही दोन दिवसांत समजलात!"

आम्ही सगळे हसलो. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून गरम पाण्याचं पातेलं नेताना माई बाथरूमच्या उंबऱ्याशी घसरल्या. भाजल्या नाहीत, पण मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना सुरतेला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "नाना, बाथरूम नीट होईपर्यंत आई येणार नाही."

नानांनी त्यावर विनोद केला नाही. तेव्हा मी घाबरले.

*

दुसऱ्याच दिवशी जयंतीभाई प्लंबरला बोलावणं गेलं. त्यांनी जुना गिझर उतरवून उलटा केला, तर आतून पांढरे खडेच खडे! मी अर्थातच दारात उभी.

जयंतीभाई म्हणाले, "काका, आ गिझर नथी, मिठानी फॅक्टरी छे!"

मी खो खो हसले. नाना खाली बसून ते खडे एकेक वेचत राहिले.

*

मग सयाजीगंजमध्ये शॉवर बघायला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण रिक्षात जागा होती. सेल्समन हौशी. "दादा, हा बघा. छतातून पाऊस पडतो, रंगीत लाइट लागतात, गाणी वाजतात!"

"अरे बाबा, आमची माई आंघोळ करणार आहे, गरबा नाही!"

नानांना हवा होता हातात धरायचा साधा शॉवर, भिंतीला धरायचा दांडा आणि पाय न घसरणाऱ्या टाइल्स. पण प्रत्येक टाइलवर चप्पल काढून स्वतः उभं राहायचं! सेल्समननं तीनदा चहा मागवला.

*

नळ किती उंचीवर लावायचा? नाना म्हणाले, "सुमन, बस." बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर मी, समोर पेन्सिल घेऊन जयंतीभाई.

"माई अशी ताठ बसत नाही. जरा वाक. साबण ती डाव्या हातानं घेते. उठताना आधी उजवीकडे कलते."

मी वाकतेय, कलतेय, हवेतला साबण घेतेय. तेवढ्यात आमचे हे चहासाठी मला शोधत आले.

"इथे काय चाललंय?"

"आंघोळ!"

हे आल्या पावली परत गेले. त्या दिवशी चहा त्यांनीच केला!

*

नवा गिझर लागला. जयंतीभाईंनी तपासून बघितला आणि त्याच्या स्विचवर आडवी चिकटपट्टी लावली. "सांधा लीला छे, काका. एक दिवस बंद राखजो." म्हणजे सांधे अजून ओले, एक दिवस गिझर लावायचा नाही.

त्यानंतर रोज सकाळी डक्टमधून काय तो आवाज! "हर हर गंगे! हर हर गंगे!" डिसेंबरची थंडी, आणि म्हातारा असा रंगात आलेला! मी माईंना फोन करून सांगितलं, "नव्या शॉवरखाली नाना नुसते गर्जतायत!"

माई म्हणाल्या, "मजा आहे बाई एका माणसाची."

*

आठ दिवसांनी रविवारी लेक माईंना घेऊन आली. मी हळदीकुंकवाची वाटी घेऊन हजर. माई वॉकर टेकत टेकत सरळ बाथरूमकडेच गेल्या. दांडा धरला. हात बरोबर दांड्यावर पडला. खुर्चीवर बसल्या. डावा हात साबणावर पडला. मग स्विचकडे बघितलं.

"अहो, ही चिकटपट्टी अजून इथे कशी?"

नाना टॉवेलच्या घड्या घालत होते.

"सुमन तर म्हणाली, तुम्ही रोज... आठ दिवस आंघोळ कशानं केलीत?"

नानांनी पुढे होऊन पट्टी काढली, स्विच दाबला. लाल दिवा लागला.

"दहा मिनिटं थांब," ते म्हणाले. "आधी हातावर घेऊन बघ."