बाल्कनी परत बाहेर

मुलगा रुमालाने मान पुसत म्हणाला, "आई, विकून टाकू हा फ्लॅट. वरचा मजला, त्यात पश्चिमेची बाजू. बाबांना एसी सोसत नाही, सांधे धरतात. कडक उन्हाळ्याआधी माझ्याकडे दहिसरला या."

"मे येऊ दे. भर दुपारी या खोलीत झोप लागली नाही, तर मीच बॅगा भरते," मी म्हटलं. मुलुंड सोडायचं नव्हतं मला. आणि उन्हाशी माझं जुनं भांडण आहे.

लग्नानंतर ह्यांची बदली जोधपूरला झाली होती. तिथे घरमालकांच्या जाड भिंतींच्या घरात, वाळ्याच्या ओल्या पडद्यांमागे अशी डुलकी लागायची! मी परत आले ती वाळवंटाचं शास्त्र कोळून प्यायल्याच्या तोऱ्यात. आल्या आल्या मुलुंडच्या खिडकीला वाळ्याचे पडदे टांगले आणि पाणी मारत बसले. तिथली हवा कोरडी, इथली आधीच ओलीचिंब, एवढं काही माझ्यातल्या त्या शहाणीच्या डोक्यात शिरलं नाही. खोलीत नुसती वाफ. कोकणातल्या माझ्या सासूबाई पदराने वारा घेत ओरडल्या, "माका इडली समजलंस काय गो?" पापडांना बुरशी आली ती वेगळीच.

मग ह्याच बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, अख्ख्या मुंबईने केलं तेच केलं. बाल्कनी आत घेतली. सरकत्या काचा बसवल्या, दारावरची झडप पीओपीच्या छतामागे गडप केली आणि हळदीकुंकवाला "हॉल किती मोठा झाला बघा ना" म्हणून मिरवलं. जोधपूरला सावली घराबाहेरच धरतात, हे डोळ्यांनी पाहून आलेल्या मी उन्हालाच मोठा हॉल बांधून दिला!

यंदा ठरवलं, पाणी तेवढं तिथेच ठेवायचं, बाकीचं जोधपूर आणायचं. काचा काढल्या. त्यांच्या जागी भाजक्या मातीची जाळी बसवली. वारा आत येतो, ऊन बाहेरच अडतं. छत फोडून झडप मोकळी केली, तापलेली हवा वरून निघून जाते. सोसायटीच्या मागे हात धुऊन लागले आणि गच्चीवर पांढरा चुना फासून घेतला.

"कबुतरं येतील," मुलगा फोनवर म्हणाला.

"एवढ्याशा भोकातून शिरेल असं कबूतर आण तू, मी पाळते."

"आणि पावसात?"

"बाहेरून पडदा सोडीन. या वेळी प्लास्टिकचा, वाळ्याचा नाही!"

मे आला. मुलगा जेवायला आला. एसी बंद, पंखा सुरू. आमटीभातावर ताक पिऊन "नुसती पाठ टेकतो" म्हणत वडिलांच्या शेजारी चटईवर आडवा झाला. हे तर आधीच घोरत होते. थोड्या वेळाने दुसराही सूर लागला. दोघांच्या पोटांवर जाळीतून आलेल्या उजेडाची नक्षी पडली होती. मी फोटो काढून ठेवला.

चहाच्या वेळेला उठला आणि म्हणाला, "आई, थोडं उकडतंयच हं."

"मुंबई आहे रे. पण गालावर चटई कुठून उमटली?"

तो गाल चोळत हसला. "बरं बाई, राहा इथेच."

बॅगा माळ्यावरच आहेत.